रीमुत गवंड्याची पहिली वीट

सिकंदर फार मोठा राजा होता, असं ज्याला म्हणायचं असेल त्याने ते चौकात जाऊन म्हणावं. माझ्या दारात म्हटलं तर मी अंगावर खरकटं पाणी ओतते. आजवर दोघांवर ओतलं आहे. त्याने किती देश जिंकले, किती नगरं वसवली आणि त्यातल्या निम्म्यांना स्वतःचंच नाव कसं दिलं, हे मला तोंडपाठ आहे. आमच्या बाबिलोनमध्ये आता शेंबडी पोरंसुद्धा ते ग्रीक भाषेत घडाघडा म्हणतात. माझ्या नवऱ्याचं त्याने काय केलं, ते मात्र कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत.

माझा नवरा रीमुत. पिढीजात गवंडी, आणि तोही मार्दुकाच्या देवळाचा. त्या देवळाच्या भिंतीला थापी लावायचा हक्क गावात नऊ घराण्यांना होता, त्यातलं आमचं एक. माणूस बुटका, रागीट आणि अतिशय हट्टी. लग्नाच्या दिवशी जेवायला बसल्या बसल्या त्याने माझ्या बापाला सांगितलं, “मामा, तुमची ही भिंत डावीकडे कललीय.” बापाने ओळंबा आणवला, सोडला, आणि भिंत खरंच कललेली निघाली. माझ्या आईने त्याला त्याबद्दल मरेपर्यंत माफ केलं नाही.

सिकंदर गावात शिरला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. वेशीपासून राजवाड्यापर्यंत रस्त्यावर फुलं पसरली होती, आणि ती आम्हीच पसरली होती. कुणी आमच्यावर तलवार उगारली नव्हती. इराण्यांच्या राज्यात मार्दुकाचं घर, आमचा सात मजली मनोरा, ढासळून नुसता मातीचा डोंगर झाला होता, त्यावर शेळ्या चरायच्या. हा नवा राजा देवळात आला, पुजाऱ्यांनी सांगितलं तसा मार्दुकापुढे वाकला आणि म्हणाला, मनोरा मी पुन्हा उभा करतो, होता त्याहून उंच. झालं! सगळं गाव त्याच्या पायाशी. तलवारीने जिंकलेला मुलूख निदान दातओठ खात तरी राहतो. आम्ही नाचत नाचत गुलाम झालो, आणि त्या नाचात मीही होते.

आमच्यात देवाचं जुनं घर पाडायची एक रीत आहे. पाडायच्या आधी देवळाचा गवंडी अंघोळ करून धुतलेले कपडे नेसतो, कथिलाची कुऱ्हाड घेतो आणि जुन्या भिंतीतली एक वीट सोडवून काढतो. तिला पहिली वीट म्हणतात. तिला वेगळं ठेवायचं, रोज दूध, मध आणि खजूर दाखवायचा, आणि नवा पाया भरताना सगळ्यांच्या आधी तीच बसवायची. ती बसेल ते देवाचं घर. तोवर देव बेघर, म्हणून देवळाचा गायक रोज सकाळी येऊन तिच्यापुढे विलाप म्हणतो. सुरू केलेला विलाप पाया भरेपर्यंत एक दिवससुद्धा चुकवायचा नाही. आणि पाया भरून एकदा तो संपवला की पुन्हा कधी उघडायचा नाही.

मनोऱ्याची पहिली वीट रीमुतने काढली. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. हातभर लांब-रुंद भाजलेली वीट, तिच्यावर आमच्या जुन्या राजाच्या नावाचा शिक्का. तान्हं मूल आणावं तशी छातीशी धरून त्याने ती घरी आणली, आणि अंगणातल्या कोनाड्यात लव्हाळ्याच्या चटईवर ठेवली. मला म्हणाला, “बुसासा, ही मी माझ्या हाताने नव्या पायात बसवीन. मग मेलो तरी चालेल.” त्याला आयुष्यात एवढी एकच गोष्ट करायची होती. दुसरं काही त्याने कधी मागितलं नाही, माझ्याकडेही नाही आणि देवाकडेही नाही.

मग आम्ही पाडायला लागलो. रोडे, डबर, माती, सगळं पाट्यांनी भरून गावाच्या पूर्वेला नेऊन टाकायचं. बायका, म्हातारे, देवळातले आचारी, सगळे डोक्यावर पाट्या घेऊन रांगेत. पहिलटकरीण होते तरी सातव्या महिन्यापर्यंत मी माती वाहिली, आणि वर गाणी म्हटली. राजा पुढच्या देशांवर निघून गेला. काही वर्षांनी परत आला, काम रेंगाळलं म्हणून ओरडला, आपलं सैन्य खणायला लावलं. आणि ऐन उन्हाळ्यात नदीकाठच्या राजवाड्यात तापाने फणफणून मेला. तेव्हा मनोऱ्याच्या जागी एक चौकोनी खड्डा होता आणि पूर्वेला आमच्याच हातांनी रचलेला ढिगाऱ्यांचा डोंगर. घर पाडून झालं होतं आणि बांधणारा मेला होता. शब्द देऊन मरणाऱ्याला जग थोर म्हणतं, हे मला अजून समजलेलं नाही.

पुढे त्याचे सरदार गिधाडांसारखे एकमेकांवर तुटून पडले. कधी हा गावात घुसला, कधी तो. दर वेळी रीमुत नव्या सुभेदाराच्या दारात जाऊन उभा राहायचा. “मनोऱ्याचा पाया कधी भरायचा?” दर वेळी उत्तर एकच, लढाई संपली की. त्याचे केस पिकले. आमच्या मुली लग्न होऊन गेल्या. तिग्रिस नदीवर ग्रीकांनी नवं शहर बांधलं आणि आमच्यातली अर्धी घरं तिकडे हलवली. आणि रोज सकाळी लिब्लुत गायक तांब्याचा नगारा घेऊन आमच्या अंगणात यायचा, विटेपुढे बसून विलाप म्हणायचा, आणि नंतर माझ्याकडून खजुराची दारू पिऊन जायचा. तीस वर्षं! एकही सकाळ चुकली नाही. गावाला लुटारूंनी वेढलं होतं तेव्हा तो मागच्या भिंतीवरून उडी मारून आला होता, पाय मुरगळून घेतला आणि तसाच गायला बसला.

तोवर गाव बदलत चाललं होतं. कुणी कुणावर जबरदस्ती केली नाही, हे मी कबूल करते, आणि तीच तर माझ्या संतापाची गोष्ट आहे. कोपऱ्यावर खारीक विकणारा नबू-एतिर एक दिवस म्हणाला, मला आता दिओक्लेस म्हणायचं. अरे, तुझ्या आईने तुझं नाक पुसलं ते नबू-एतिर म्हणून! पण दिओक्लेस म्हटलं की कचेरीत लवकर आत घेतात. तरुण पोरं उघडी होऊन तेल चोपडून कुस्त्या खेळायला लागली. दाढ्या गेल्या. ग्रीक लोक गोड बोलायचे, सणाला बोलवायचे, जेवू घालायचे. दगड मारला तर माणूस उलटून मारू शकतो. जेवायला बोलावणाऱ्याला काय मारणार?

असाच गोड बोलणारा एक आन्द्रोन. ग्रीकांचा बांधकामावरचा मोठा अधिकारी. त्याला नाट्यगृह बांधायचं होतं, आणि बैठकीच्या पायऱ्यांसाठी उतार हवा होता. पूर्वेचा आमचा ढिगारा त्याला आयता मिळाला. मनोऱ्याच्या मातीवर बसून हे नाटकं बघणार! हे कळलं त्या दिवशी रीमुतच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि दोन दिवस तो जेवला नाही. तिसऱ्या दिवशी आन्द्रोन स्वतःच आमच्या अंगणात आला, बरोबर आमच्या देवळाचे कारभारी.

“मिस्त्री, तुमच्याकडे म्हणे एक वीट आहे,” आन्द्रोन म्हणाला. आमची भाषा तो छान बोलायचा.

“विटा सगळ्यांकडे असतात,” रीमुत म्हणाला.

“ती नाही हो, पहिली वीट. कारभाऱ्यांनी सांगितलं मला सगळं. काय सुंदर रीत आहे तुमची! माझ्या तर अंगावर काटा आला. मी म्हटलं, आपण तिचा मान राखायचा. नाट्यगृहाचा पाया भरतोय, त्यात तीच आधी बसवू. तुमच्याच हाताने.”

“ती देवाच्या घराची आहे.”

“अहो, मग? आमच्या नाट्यगृहातही देव असतोच की. दिओनिसस. आधी त्याची पूजा, मग नाटक.”

“कसला देव म्हणायचा तो?”

“द्राक्षाच्या दारूचा.”

मी तंदूरपाशी भाकरी थापत होते. मला राहवलं नाही. “म्हणजे आमच्या देवाचं घर मोडायचं आणि दारुड्याचं बांधायचं? वा रे वा! आणि वीटही आमचीच?”

आन्द्रोन पोट धरून हसला. “मिस्त्री, बाई फार गमतीच्या आहेत हो तुमच्या!” जाताना त्याने माझी एक गरम भाकरी मागून घेतली आणि खाल्ली. मी दिली. पाहुण्याला नाही म्हणायची आम्हाला सवय नाही.

तो गेल्यावर कारभारी मागे थांबले. “रीमुत, नाही म्हणू नकोस.”

“कारभारी, तुम्ही सांगताय हे? तुम्ही?”

“मी काय करू? माझ्याकडे बारा पुजारी आहेत आणि देवळाला छप्पर नाही. हे लोक चांगले आहेत, विचारून नेतायत. नाही म्हटलंस तर उद्या शिपाई येतील, उचलून नेतील आणि त्यांचा एखादा गवंडी बसवेल. मग काय करशील?”

कारभारी गेल्यावर रीमुत उठला आणि मागच्या तबेल्यात गेला. तिथे आमचं गाढव असायचं, आणि त्याच्या उंबऱ्याला देवळाच्याच विटा होत्या. बाबिलोनमध्ये असं घर दाखवा, जिथे कुणाच्या आज्याने मनोऱ्याच्या पडझडीतून चार विटा उचललेल्या नाहीत! तोच साचा, तोच शिक्का, तीच भट्टी. त्याने उंबऱ्यातली एक वीट उकरली, शेण खरवडलं, घासूनपुसून माझ्यापुढे धरली.

“ओळख,” तो म्हणाला.

मी कोनाड्यातल्या विटेकडे बघितलं, हातातल्या विटेकडे बघितलं. फरक सांगता येईना.

“अरे, तू ही बसवणार? त्यांच्या देवाला? गाढवाच्या मुताची?”

“मग! दिओनिससाला शोभते ती.”

किती वर्षांनी आम्ही दोघं एवढं हसलो. भाकरी करपली तरी हसत होतो. मग माझ्या मनात आलं. “आणि लिब्लुतला काय सांगायचं?”

“काही नाही. त्याच्या पोटात काही राहतं का? दारूच्या दुसऱ्या पेल्याला गावभर करेल.”

“पण त्याला वाटेल की खरंच पाया भरला.”

“लिब्लुत काय खुळा आहे? तीस वर्षं गातोय तो. नाटकाच्या पायाला तो देवाचा पाया मानेल होय? उद्या सकाळी येईल नेहमीसारखा.”

तिथेच त्याचा हात धरायला हवा होता, नाही धरला. सिकंदराच्या इतकीच मी माझ्याही नावाने बोटं मोडते.

पाया भरायच्या दिवशी सगळं गाव लोटलं. आन्द्रोनने आमची रीत जशीच्या तशी पाळली. रीमुतला धुतलेले कपडे, मध, तूप, दूध, सगळं. रीमुतने तबेल्यातली वीट छातीशी धरून आणली. काय चेहरा केला होता! मला हसू आवरेना, मी पदर तोंडात कोंबला. त्याने खाली डांबर पसरलं, चटईचा तुकडा टाकला आणि वीट ठोकून बसवली. ग्रीकांनी तिच्यावर द्राक्षाची दारू ओतली आणि आन्द्रोनने वाकून हात जोडले. माझ्या गाढवाच्या उंबऱ्याला!

आणि मग नगाऱ्यावर टिपरी पडली. लिब्लुत पुढे आला. ऐंशीचा म्हातारा, तो विलापाचं शेवटचं कडवं म्हणायला लागला. संपवायचं कडवं. ते मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होते. तो ढसाढसा रडत होता, आणि आजूबाजूचं गाव त्याच्याबरोबर रडत होतं. तीस वर्षांचं सुतक फिटलं, अशी सगळ्यांची तोंडं झाली होती. मी रीमुतकडे बघितलं. त्याच्या हातातली थापी खाली पडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिब्लुत आला नाही. रीमुत उन्हं चढेपर्यंत वाट बघत बसला, मग त्याच्या घरी गेला. मीही मागोमाग गेले. लिब्लुत बाजेवर पडून कांदा-भाकर खात होता, इतका निवांत मी त्याला कधी बघितला नव्हता.

“लिब्लुत, ऊठ. वीट घरी आहे. खरी वीट.”

“काय बोलतोस?”

रीमुतने सगळं सांगितलं. लिब्लुतने ऐकून घेतलं, बोटं पुसली. “रीमुत, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तू बसवलीस.”

“ती तबेल्यातली होती रे!”

“असेल.”

“असेल म्हणजे? चल, नगारा घे!”

“मी संपवला विलाप,” लिब्लुत म्हणाला. “संपवलेला उघडायचा नसतो, हे तुला मी सांगू? तुझी कुठली वीट खरी आणि कुठली खोटी, ते तुझं तू बघ. आणि खरं सांगू का, मी दमलोय रे. तीस वर्षं. माझ्या बायकोचं मढं घरात होतं त्या सकाळीसुद्धा मी तुझ्या अंगणात होतो. आता मला झोपू दे.”

तिथून आम्ही कारभाऱ्यांकडे गेलो. कारभारी हळू आवाजात म्हणाले, “रीमुत, हे दुसऱ्या कुणाकडे बोलू नकोस. लोकांना बरं वाटलंय, कशाला त्यांच्या जिवाला घोर? आणि दोन्ही विटांत फरक काय, ते मला दाखव बरं.” फरक दाखवता येत नव्हता. तो रीमुतच्या हातात होता, कथिलाच्या कुऱ्हाडीत होता, त्या सकाळच्या अंघोळीत होता. ते कसं दाखवणार?

पुढची तीन वर्षं माझा नवरा गावभर सांगत हिंडला. बाजारात, घाटावर, भट्टीवर. पहिल्यांदा लोक ऐकायचे, मग हसायचे, मग पाठ फिरवायचे. त्याच्याच हाताखाली शिकलेले गवंडी म्हणायचे, “काका, म्हातारपणी होतं असं. घरी जा, काकू वाट बघतायत.” मनोऱ्याच्या जागेबद्दल कुणी विचारेनासं झालं. देवाचं घर झालं म्हणे, पूर्वेला आहे की! ज्या गावाने तीस वर्षं वाट बघितली, त्याला माझ्या नवऱ्याने एका दुपारी त्या वाट बघण्यातून मोकळं केलं, आणि गाव त्याच्यावर मनापासून खूश होतं. त्याला भेटून आभार मानायचे मेले! तो दात खात घरी यायचा आणि कोनाड्यापुढे बसून स्वतःच विलाप म्हणायचा. त्याला सूर नव्हता. शब्दही अर्धे माहीत नव्हते.

खजूर उतरवायच्या दिवसांत तो गेला. शेवटच्या दुपारी माझा हात घट्ट धरून म्हणाला, “बुसासा, तू तरी सांग त्यांना. तुझं तोंड माझ्यापेक्षा मोठं आहे.”

म्हणून मी गेले. ग्रीकांचा नाटकाचा सण होता, नाट्यगृह खचाखच भरलं होतं. ग्रीक खालच्या पायऱ्यांवर आणि आमचे लोक वरच्या, आपल्याच मनोऱ्याच्या मातीवर, सुकामेवा खात बसलेले. मी वीट फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतली होती. खाली गोल अंगणात मुखवटे घातलेले पुरुष बायकांची सोंगं घेऊन रडत होते. मी उठले, पायऱ्या उतरत गेले आणि थेट त्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिले. ते बाजूला झाले.

“अरे मुडद्यांनो!” मी ओरडले. त्या जागेत आवाज काय घुमतो! शेवटच्या पायरीपर्यंत गेला. “तुमच्या पायाखाली माझ्या तबेल्यातली वीट आहे! बारा वर्षं माझं गाढव तिच्यावर मुतलंय, आणि तुम्ही तिला हात जोडले! देवाची वीट ही बघा, माझ्या हातात! कुणाचं घर मोडून कुठे बसलायत तुम्ही?”

मग वरून कुणीतरी खो खो हसलं. आमच्यातलंच. मग सगळी पायरी हसली. पुढच्या रांगेत म्हातारा आन्द्रोन शेजाऱ्यांना माझे शब्द ग्रीकमध्ये सांगत होता आणि हसून हसून डोळे पुसत होता, आणि तिकडून हशाची लाट उठत होती. बाई तिथे उभी राहतच नाही ना त्यांच्यात! एखादा पुरुषच म्हातारीचं सोंग घेऊन आलाय, असं वाटलं त्यांना.

“हसता काय? तुमचा देव उघड्यावर आहे! माझा नवरा झुरून मेला! रीमुत! ओळखत होतात ना त्याला? जेवलायत त्याच्या घरी!” मी छाती बडवायला लागले. मला रडू फुटलं. रडायला लागल्यावर तर ते उभे राहिले, आणि टाळ्या वाजवायला लागले. ग्रीकही आणि आमचेही. दिओक्लेस खारीकवाला दोन बोटं तोंडात घालून शीळ घालत होता. लिब्लुत वरच्या रांगेत नातवाच्या खांद्याला टेकून उभा होता. तो टाळ्या वाजवत नव्हता, पण खालीही आला नाही.

दोन सेवक आले. त्यांनी मला फार हळू हाताला धरून बाजूला नेलं, पाणी पाजलं, कुणी डोक्यावर पानांची माळ घातली. वीट जड आहे, आजी, म्हणत एकाने ती माझ्या हातातून सोडवून घेतली आणि मागच्या खोलीत मुखवट्यांच्या पेटीत नीट ठेवून दिली. मी मागितली तर म्हणाला, इथेच राहू दे, पुढच्या सणाला लागेलच तुम्हाला.